वाचा-अप्रॅक्सिया : अक्षरसराव व उपचार

मेंदूच्या इजेमुळे, बहुधा डाव्या गोलार्धातील पक्षाघातानंतर, उच्चारांची आखणी बिघडण्याचा विकार. ओठ-जीभ लुळी पडलेली नसते, शब्द आठवतो, अर्थही कळतो. तो तोंडातून काढायचा कसा, हेच जमत नाही. रुग्ण ‘एक, दोन, तीन’ ओघात म्हणून जातो. ‘आता नुसते तीन म्हणा’ असे सांगितले, की ओठ जुळतात, सुटतात, जीभ जागा शोधत राहते. बोलणे संथ होते, अक्षरे सुटी सुटी पडतात.

विकाराला हे नाव १९६० च्या दशकात अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या फ्रेडरिक डार्ली यांनी रूढ केले. मेंदूतील त्याच्या जागेबद्दल मतभेद आहेत : नीना ड्रॉन्कर्स (१९९६) यांनी इन्सुला या भागाकडे बोट दाखवले, आर्गी हिलिस व सहकाऱ्यांनी (२००४) ब्रोकाच्या क्षेत्राकडे.

अक्षरसराव : येथे अक्षर म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिगट, लिपीतील खूण नव्हे. ‘पुस्तक’ लिहिताना पु-स्त-क असे तुटते, बोलताना पुस्-तक. विलेम लेवेल्ट आणि लिंडा व्हीलडन यांनी १९९४ मध्ये मांडले, की नेहमीच्या अक्षरांच्या हालचाली मेंदूत तयार साठवलेल्या असतात. डच व इंग्रजीत बारा हजारांवर अक्षरे आहेत, पण सुमारे ८० टक्के बोलणे जेमतेम ५०० अक्षरांत भागते.

हा साठा अप्रॅक्सियात पुरता पुसला जात नाही, असे म्युनिकच्या इनग्रिड आयशर्ट व वोल्फ्राम त्सीग्लर यांच्या कामातून (२००४) दिसते. वारंवार येणाऱ्या अक्षरांत रुग्ण कमी चुकले. जोडव्यंजन एकाच अक्षरात असेल तर जास्त चुकले, दोन अक्षरांत विभागलेले असेल तर कमी. या न्यायाने ‘स्त्री’ हा ‘पुस्तक’पेक्षा अवघड ठरावा. २००८ मध्ये त्यांनी उपचारांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न हाताळला : नवे अक्षर सुट्या ध्वनींतून शिकता येते का? तीव्र विकाराच्या मोजक्या रुग्णांत सुट्या ध्वनींच्या घोकंपट्टीचा फारसा उपयोग झाला नाही. मिळत्याजुळत्या अक्षरांच्या सरावाचा झाला. नुसते ‘स्, स्, स्’ करून घेण्याची जुनी रीत त्यामुळे टिकत नाही, आणि थकलेल्या रुग्णाचा वेळ वाचवणारी ही गोष्ट आहे.

इतर उपचार : जॉन रोझेनबेक व सहकाऱ्यांची आठ पायऱ्यांची पद्धत (१९७३) आजही पायाभूत आहे. आधी वाचोपचारतज्ज्ञाच्या तोंडाकडे बघत, त्याच्याबरोबरच बोलायचे. मग तो नुसते ओठ हलवतो, आवाज रुग्णाचा. पुढे लिहिलेले वाचून, नंतर प्रश्नाला उत्तर म्हणून तोच शब्द काढायचा. सूर-तालावर आधारलेली पद्धतही वापरतात.

पुराव्याची बाजू : २००५ च्या कॉक्रेन समीक्षेला (उपचारांच्या पुराव्याचा पद्धतशीर आढावा) पक्षाघातानंतरच्या या विकारावरील उपचारांची एकही यादृच्छिक नियंत्रित चाचणी सापडली नव्हती. उपलब्ध पुरावा मुख्यतः एकेका रुग्णावरच्या अभ्यासांचा आहे.

भारतात : वाचोपचारांचे प्रशिक्षण म्हैसूर (तेथील संस्थेची स्थापना १९६५) व मुंबई येथे मिळते.