मृत्युपत्र : वऱ्हाडात उशिरा आलेला कागद

मृत्युपत्र हा शब्द संस्कृत घडणीचा, पण मिळकतीचा असा कागद धर्मशास्त्रात नाही. यवतमाळसह वऱ्हाडातल्या हिंदू कुटुंबांना मिताक्षरा लागू. विज्ञानेश्वराच्या या टीकेप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा जन्मतःच हिस्सेदार होतो. जे जन्मानेच त्याचे झाले, ते बापाने मरताना त्याला काय द्यायचे? म्हणून इथली रीत वाटणीची. बाप हयात असताना चार लोकांसमोर हिस्से पडत, शेतात धुरे घातले जात, गोठ्यातली गुरे आणि घरातली भांडीही वाटली जात. मुसलमानांत मात्र वसीयत जुनी, आणि तिला मिळकतीच्या एकतृतीयांशाची मर्यादा.

हिंदूंचे मृत्युपत्र रुजले ते अठराव्या शतकातल्या कलकत्त्यात, इंग्रजी न्यायालयांच्या सावलीत. 1870 च्या हिंदू विल्स ॲक्टने त्याला लेखी रूप सक्तीचे केले, पण बंगाल प्रांत आणि मुंबई-मद्रास या शहरांपुरते. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभारात असले तरी स्वामित्व नावाला निजामाचेच होते. कायदे इथे वेगळ्या अधिसूचनेने यायचे. या कायद्याबाहेरच्या मुलखात हिंदूचा तोंडी शब्दही मृत्युपत्र ठरू शकत असे. खाटेवरचा बाप बोलला आणि उशाशी बसलेल्यांनी ऐकले, एवढ्यावर हक्क ठरे. त्यात मोठी जोखीम होती, कारण त्या वेळी उशाशी कोण होते यावरच बरेच अवलंबून राही. 1 जानेवारी 1927 पासूनच्या हिंदू मृत्युपत्रांना 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने लेखी रूप आणि साक्षीदार बंधनकारक केले.

तरीही खरी अडचण कायम होती. लक्ष्मण दादा नाईक विरुद्ध रामचंद्र दादा नाईक या मुंबई इलाख्यातल्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने 1880 मध्ये ठरवले होते की, एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नाही. स्वकष्टार्जित मिळकतच तेवढी मोकळी. हे कुलूप 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या कलम 30 ने उघडले. बापाला स्वतःच्या हिश्शापुरती मुभा मिळाली. मुलींना जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये मिळाला, त्यामुळे बाप कागदाने जे देऊ शकतो ते पुन्हा आटले. यवतमाळ जिल्ह्यातल्या गोंड, कोलाम, आंध या अनुसूचित जमातींना 1956 चा कायदा लागू नाही. त्यांचा वारसा रूढीने चालतो.

आज तहसील कचेरीजवळ अर्जनवीस हा कागद लिहितो तेव्हा सुरुवात ठरलेली असते: ‘मी पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वखुशीने लिहून देतो की…’ मग मौजा, गट नंबर, आराजी आणि चतुःसीमा: पूर्वेस नाला, पश्चिमेस अमक्याचे शेत, उत्तरेस पांदण. धुऱ्यावरची भांडणे पाहता चतुःसीमा हाच सगळ्यात जपून लिहावा असा भाग. खाली लिहून देणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही ऐच्छिक. लिहून देणारा हयात असेपर्यंत कागद कितीही वेळा बदलता येतो आणि शेवटचा तोच खरा मानतात. त्याच्या मृत्यूनंतर वारस कागद घेऊन तलाठ्याकडे जातात, फेरफाराची नोटीस निघते, हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होते आणि सातबाऱ्यावर नवी नावे चढतात.