देवासची खाट

पनवेलच्या वडाळे तळ्याकाठी सकाळची फेरी मारताना तुम्ही इअरफोन कानांत घालता. कुमार गंधर्वांचा लगनगंधार राग लागतो आणि समोरचे टॉवर विरू लागतात. उड्डाणपूल गेला, स्टेशनही गेलं. १९४८ सालच्या पनवेलला रेल्वे कुठली! खाडीत मचवे आहेत, पलीकडे मिठागरं.

सूर तुम्हाला इथं रेंगाळू देत नाही. तो थेट माळव्यात नेतो, देवासला, माताजीच्या टेकडीखाली.

खाटेवर चोविशीतला तरुण पडून आहे. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व. मोठमोठ्या गवयांची गायकी पोरवयातच हुबेहूब गळ्यात उतरवून यानं मैफली मारल्या होत्या. आता क्षय झालाय, डॉक्टरांनी गाणं बंद केलंय. पत्नी भानुमतीबाई औषधाची वेळ बघतायत. तुम्ही दाराशी उभे राहता, काय बोलावं ते सुचत नाही.

बाहेरून बायकांचं गाणं येतं. जेमतेम चार-पाच सुरांचं, तेच तेच फिरून येणारं. तुम्ही ते एव्हाना विसरलाही असता. पण खाटेवरचा माणूस कान टवकारतो. मग कधी नाथपंथी जोगी निर्गुण भजन गात जातो, कधी पहाटे पाखरं. गळा बंद, कान मात्र अहोरात्र उघडे. राग लोकधुनेतून उगवतो, हे पुढं कुमारजींच्या धुनउगम रागांतून दिसलं. त्याचं बी इथं पडतंय.

वर्षं सरतात. स्ट्रेप्टोमायसीन येतं, आजार हटतो. एक फुप्फुस मात्र निकामी होतं. १९५३ च्या सुमारास कुमारजी पुन्हा गायला बसतात आणि तुम्ही श्रोत्यांत घुसता. छोटा आलाप, क्षणभर थांबणं, मग अचानक झेप. दम पुरत नाही म्हणून गाणं असं झालं, हे सांगायला सोपं आहे. मला ते पटत नाही. थांबायचं कुठं, हे ते खाटेवर ऐकता ऐकता शिकले असावेत.

१९६५ साली त्यांच्या बंदिशींचं ‘अनूपरागविलास’ छापून येतं. १९६९ च्या गांधीशताब्दीला ते नवा राग बांधतात. ते १९४८ च्या जानेवारीत देवासला आले, त्याच महिन्यात गांधीजींची हत्या झाली होती. एखाद्यानं करुण राग योजला असता. कुमारजींनी मल्हार घेतला, पावसाचा. तो गांधीमल्हार.