तुटलेल्या तारांनी दाखवलेली वाळूची वाट

18 नोव्हेंबर 1929 ची संध्याकाळ. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला, ग्रँड बँक्सच्या उथळ समुद्राच्या कडेला 7.2 तीव्रतेचा भूकंप झाला. पाठोपाठ उसळलेल्या त्सुनामीने बुरिन द्वीपकल्पावरच्या वस्त्या झोडपल्या. 28 जणांचा बळी गेला. त्याच वेळी युरोप-अमेरिकेला जोडणाऱ्या समुद्रतळावरच्या तारा बंद पडू लागल्या.

केंद्राजवळच्या तारा धक्क्यासरशी तुटल्या, यात नवल नव्हते. पण खालच्या उतारावरच्या तारा एकामागून एक तुटत गेल्या. पहिली 59 मिनिटांनी, पुढची तीन तासांनी, आणखी एक नऊ तासांनी, तर शेवटची तब्बल 13 तास 17 मिनिटांनी. ही शेवटची तार केंद्रापासून पाचशे किलोमीटरहून दूर होती. संदेश थांबला की तार तुटल्याचे लगेच कळे, म्हणून प्रत्येक वेळ मिनिटापर्यंत नोंदली गेली.

या नोंदींचा अर्थ लागायला तेवीस वर्षे गेली.

खोल समुद्राचा तळ म्हणजे निश्चल जागा, तिथे वरून फक्त बारीक गाळ झिरपत राहतो, असाच तोवरचा समज. मग तिथे सापडणारी वाळू कुठून येते? स्विस शास्त्रज्ञ फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकात जिनिव्हा सरोवराच्या तळाने सरकणारे ऱ्होन नदीचे गढूळ, जड पाणी पाहिले होते. 1936 मध्ये अमेरिकेच्या डेली यांनी समुद्रातल्या घळया अशाच प्रवाहांनी कोरल्याचे सुचवले. डच भूवैज्ञानिक क्यूनेन यांनी प्रयोगशाळेच्या हौदात असे प्रवाह सोडून पाहिले आणि 1950 मध्ये इटलीच्या मिग्लिओरिनी यांच्याबरोबर दाखवले, की खडकांतले खाली भरड, वर बारीक असे थर हे त्यांचेच काम.

1952 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या हीझन आणि युइंग यांनी 1929 च्या नोंदी पुढ्यात घेतल्या. भूकंपाने उतारावरचा गाळ घसरला, पाण्यात मिसळून जड झाला आणि तळाला चिकटून धावत सुटला, वाटेतल्या तारा तोडत. त्यांनी काढलेला वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात होता. नंतरच्या हिशेबांत तो ताशी 65 ते 70 वर आला. या एका घटनेने सुमारे 175 घन किलोमीटर गाळ खोल मैदानावर नेऊन पसरला, असा पुढचा अंदाज आहे.

घरच्या बरणीत ओढ्याची वाळू-माती आणि पाणी घालून ती हलवून ठेवली, तर खडे आधी बसतात, मग वाळू, शेवटी चिखलाची साय. समुद्रातही हाच क्रम. अर्नोल्ड बाउमा यांनी 1962 मध्ये फ्रान्सच्या आल्प्समधल्या वालुकाश्मात त्याचे पाच टप्पे मांडले.

ही वाळू सगळीकडे सारखी पसरत नाही. घळईत आणि प्रवाहमार्गात ती अरुंद, लांब पट्ट्यात साचते. काठ ओलांडून सांडते तिथे पातळ थर आणि पुष्कळ चिखल. वाट संपून प्रवाह मोकळा झाला, की ती रुंद पंख्यासारखी पसरते. समुद्रपातळी खाली असेल तर नदीचे मुख घळईजवळ येते आणि वाळूचा पुरवठा वाढतो. भूखंडाच्या कडेचा उथळ मंच रुंद असेल तर ती वाटेतच अडते.

बंगालचा उपसागर हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. गंगा-ब्रह्मपुत्रेने आणलेला हिमालयाचा गाळ ‘स्वॅच ऑफ नो ग्राउंड’ या घळईतून उतरून सुमारे तीन हजार किलोमीटर लांबीचा पंखा झाला आहे. तिथला प्रवाहमार्ग वेळोवेळी जागा बदलतो. म्हणून समुद्रतळात खोदलेल्या एका विहिरीला जाड वाळू लागते, तर थोड्या अंतरावरच्या विहिरीला नुसता चिखल. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल समुद्रातही अशाच प्राचीन वाळूतून 2009 मध्ये वायू उपसायला सुरुवात झाली.

1929 मध्ये समुद्राच्या तळाशी या प्रवाहाचा वेग मोजणारे एकही उपकरण नव्हते. होत्या फक्त तारा, आणि कोणती तार कधी मुकी झाली याची चोख लिहिलेली वेळ.