कॅलगरीचा पहिला ‘स्टॅम्पीड’
१९०६-०७ च्या हिवाळ्यात कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील गुरांचे असंख्य कळप गारठून मेले आणि मोकळ्या माळावरील गुराख्यांचे युग मावळू लागले. त्याची स्मृती जागती राहावी म्हणून, फासदोरीचे खेळ करणाऱ्या गाय वीडिक या अमेरिकन कलावंताने चार धनाढ्य पशुपालकांकडून एक लाख डॉलरांची हमी मिळविली व सप्टेंबर १९१२ मध्ये कॅलगरी येथे महोत्सव भरविला. गुरांच्या बेफाम उधळणीवरून त्यास ‘स्टॅम्पीड’ हे नाव पडले. तेथील मूळ रहिवाशांना मात्र त्यात भाग घेण्यास सरकारी अनुज्ञा मिळवावी लागली. परंतु अनावर घोड्यांच्या चढाओढीत, भल्याभल्यांना धूळ चारणाऱ्या ‘सायक्लोन’वर अखेर मांड टिकविली ती कायनाई जमातीच्या टॉम थ्री पर्सन्स याने! अनुज्ञेवाचून ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांच्यातलाच एक त्या उत्सवाचा मानकरी ठरला.