रेचल कोण होती?
मिसिसिपीतील एका शेतकरी घराण्याचा कागदोपत्री माग

डिसेंबर १९४८ मध्ये मिसिसिपी राज्यातील एलिसव्हिल गावच्या कोर्टात एका बाईच्या केसांवर आणि रंगरूपावर साक्षी झाल्या. बाई १८८९ सालीच वारलेली होती. वकील विचारत होते आणि गावातली म्हातारी माणसे आठवून आठवून उत्तरे देत होती. बाईचे नाव रेचल नाइट. आरोपीच्या पिंजऱ्यात होता तिचा पणतू डेव्हिस नाइट, वय तेवीस, नौदलात नोकरी करून परतलेला. गुन्हा एवढाच, की १९४६ साली त्याने एका गोऱ्या मुलीशी लग्न केले होते.

मिसिसिपीच्या १८९०च्या राज्यघटनेप्रमाणे ज्याच्या अंगात एक अष्टमांश किंवा अधिक ‘निग्रो रक्त’ असेल, त्याला गोऱ्या व्यक्तीशी लग्न करता येत नव्हते. पणजीपासून पणतूपर्यंत तीन पायऱ्या: निम्मे, पाव, अष्टमांश. बाकी सर्व पूर्वज गोरे धरले, तर रेचल निखळ आफ्रिकी वंशाची असल्यास पणतू नेमका गुन्हेगार ठरत होता, आणि तिच्यात जरासे जरी दुसरे रक्त असेल तर तो सुटत होता. जुन्या दप्तरातल्या एका रकान्यातील शब्दावर आजचा हक्क कसा ठरतो, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

पण इतका महत्त्वाचा प्रश्न म्हाताऱ्यांच्या आठवणींवर का सोडावा लागला? कागद कुठे होते?

कागद भरपूर होते. मात्र ते घराण्याच्या एकाच शाखेचे होते.

नाइट हे जोन्स काउंटीतले जुने घराणे. काउंटी म्हणजे आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधले काहीतरी. मिसिसिपी म्हटले की कापसाचे अफाट मळे डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेतील यादवी युद्धाने मुंबईत कापसाचा भाव भडकवला, त्यामुळे त्या मळ्यांशी आपलीही तोंडओळख आहे. जोन्स काउंटी तशी नव्हती. पाइनची दाट जंगले, हलकी जमीन, मका, रताळी, मोकाट चरणारी डुकरे आणि गुरे. १८६० च्या खानेसुमारीत तेथील वस्ती ३,३२३ भरली आणि त्यांत गुलाम ४०७, म्हणजे शेकडा बारा. त्याच वर्षी साऱ्या राज्यात गुलामांचे प्रमाण शेकडा पंचावन्न होते. घराण्याचा मूळपुरुष जॉन उर्फ जॅकी नाइट मात्र गुलाम बाळगणारा सधन शेतकरी होता. त्याचा मुलगा अल्बर्ट याच्याकडे गुलाम नव्हते. अल्बर्टचा मुलगा न्यूटन हा साधा कष्टकरी शेतकरी. १८५८ साली त्याने सेरीना टर्नरशी लग्न केले.

अशा गोऱ्या कुटुंबाचा माग काढणे तुलनेने सोपे असते. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते. १८४० पर्यंत त्यात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे असत. १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव, वय, धंदा, जमिनीची किंमत आणि जन्माचे राज्य नोंदले जाऊ लागले. या शेवटच्या रकान्याची गंमत अशी, की थोरली मुले जॉर्जियात जन्मलेली आणि धाकटी मिसिसिपीत असे दिसले, की कुटुंबाने बैलगाड्या कधी हाकल्या ते आपोआप कळते. शिवाय जमिनीची खरेदीखते, करपट्ट्या, मृत्युपत्रे, कोऱ्या पानांवर जन्ममृत्यू टिपलेली घरची बायबले. यांतील बराच ऐवज युटातील मॉर्मन पंथीयांच्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्मवर उतरवला. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रेही याच संस्थेने घेतली आहेत.

अर्थात गोऱ्यांच्या नोंदी सरळ असतात असेही नाही. न्यूटनचे जन्मवर्षच पाहा. त्याचा मुलगा टॉम याने १९३० च्या दशकात बापाचे चरित्र लिहिले, त्यात १८३० आहे. नात्यातील एथेल नाइट हिने १९५१ साली त्याच्यावर सडकून टीका करणारे पुस्तक लिहिले, त्यात १८२९. १९०० च्या खानेसुमारीत जन्माचा महिना आणि वर्ष विचारले जाई. तेथे १८३७ आहे. मला खानेसुमारीचा आकडा अधिक खरा वाटतो. घराण्यातील पुस्तके कुणाला तरी थोर किंवा कुणाला तरी नीच ठरवायला लिहिलेली असतात. दारावर आलेल्या गणकाला असले काही साधायचे नसते.

युद्धाने न्यूटनच्या मागे आणखी कागद उभे केले. मे १८६२ मध्ये तो दक्षिणेच्या सैन्यात गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कायदा झाला, की वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावरील एका गोऱ्या पुरुषाला सैन्यातून सूट मिळेल. श्रीमंतांचे युद्ध आणि गरिबांची लढाई, अशी भावना डोंगराळ आणि जंगली भागांत पसरली. न्यूटन पळाला, आणि ऑक्टोबर १८६३ मध्ये लीफ नदीच्या काठच्या दलदलीत पळपुट्या शेतकऱ्यांची टोळी उभी करून दक्षिणेच्याच सरकारशी लढू लागला. युद्ध संपल्यावर त्याने संघसरकारकडे आपल्या माणसांच्या पगाराची मागणी केली. अर्ज, प्रतिज्ञालेख, साक्षी असे हे प्रकरण १९०० पर्यंत चालले आणि फेटाळले गेले. पगार मिळाला नाही. पण दाव्यासाठी जोडलेला हजेरीपट वॉशिंग्टनच्या दप्तरात राहिला. नाइट, कॉलिन्स, व्हॅलेंटाइन, वेलबॉर्न अशी तीच आडनावे त्यात पुन्हापुन्हा येतात. एकमेकांचे मेहुणे, चुलतभाऊ आणि शेजारी. टोळी नव्हे, सोयरीक लढत होती.

आणि रेचल? ती न्यूटनच्या आजोबांच्या घरची गुलाम. पळालेल्यांना तिने अन्न आणि खबरा पुरवल्या, असे घराण्यात सांगतात. पण १८६० पर्यंतच्या कागदांत तिचे नाव शोधू गेलो तर हाती काहीच लागत नाही. १८५० आणि १८६० साली गुलामांची वेगळी यादी केली गेली. तिच्यात नाव मालकाचे. त्याखाली गुलामांचे फक्त वय, लिंग आणि रंग. काळ्यासाठी एक अक्षर, मिश्रवर्णीयासाठी दुसरे. १८६० साली अमेरिकेत साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते, आणि त्यांतील जवळजवळ सर्वांची नोंद अशी निनावी आहे. मालकाच्या मृत्युपत्रात किंवा मालमत्तेच्या यादीत कधी नुसते पहिले नाव सापडते, गाईगुरांच्या शेजारी, किमतीसह. आडनाव नाही, आईबाप नाहीत. गुलामांच्या वंशजांना म्हणूनच १८७० ही भिंत वाटते. पूर्वाश्रमीच्या गुलामांची नावे प्रथम त्या वर्षीच्या खानेसुमारीत सरसकट आली.

रेचलही तेव्हाच कागदावर येते: शेजारच्या जॅस्पर काउंटीत, जन्म जॉर्जियात, आडनाव मालकाचे. ती आता न्यूटनच्या शेताला लागून राहत होती. दोघांना मुले झाली. न्यूटनने तिच्या नावे जमीन करून दिली. काळ्या बाईच्या नावावर जमीन ही त्या काळी मिसिसिपीत विरळाच गोष्ट. पुढे न्यूटन आणि सेरीनाच्या मॅट व मॉली या मुलांची लग्ने रेचलच्या आधीच्या मुलांशी, फॅनी आणि जेफशी, झाली. गावाने या कुटुंबाशी रोटीबेटी तोडली, आणि ती मंडळी बहुतेक आपसातच सोयरिकी करीत राहिली. १८९० च्या खानेसुमारीने त्यांचा आणखी काही पत्ता दिला असता. पण तिचे कागद १९२१ साली वॉशिंग्टनमधील आगीत सापडले. सहा कोटींवर माणसांतून सहा हजारांच्या आसपास नावे उरली. १८८० आणि १९०० यांच्यामध्ये त्यामुळे वीस वर्षांचा खड्डा आहे.

शिवाय रंगाचा रकाना गणकच भरी, डोळ्यांनी पाहून. त्यामुळे याच घराण्यातील माणसे कधी काळी, कधी मिश्र, कधी गोरी लिहिली गेली. वर मी गणकाला झुकते माप दिले, ते वयापुरते. रंगाच्या बाबतीत तो गावाचीच नजर घेऊन दारात उभा असे.

एलिसव्हिलच्या कोर्टापुढे असा पुरावा होता. मुख्य साक्षीदार टॉम नाइट, न्यूटनचाच मुलगा, आता नव्वदीकडे झुकलेला. रेचल निग्रोच होती असे त्याने सांगितले. बापाच्या चरित्रात त्याने हे दुसरे कुटुंब जवळजवळ पुसून टाकले होते; कोर्टात मात्र त्याला ते बरोबर आठवले. बचाव पक्षाच्या साक्षीदारांनी तिचे रूप वेगळे सांगितले. ज्यूरीने डेव्हिसला दोषी ठरवले आणि पाच वर्षांची शिक्षा झाली.

१४ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. वर्णभेदाचा कायदा न्यायालयाने चुकीचा म्हटला नाही. तो १९६७ पर्यंत टिकला. न्यायालय म्हणाले ते इतकेच, की डेव्हिसच्या अंगात एक अष्टमांश निग्रो रक्त आहे हे सरकारला निःसंशय सिद्ध करता आले नाही. रेचलचे आईबाप कोण, हे सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता. गुलामगिरीने तिच्या पूर्वजांची नावे लिहिली नव्हती, आणि त्या न लिहिण्यामुळे तिचा पणतू तुरुंगाबाहेर राहिला.

इतिहासकार व्हिक्टोरिया बायनम यांनी २००१ साली या घराण्यावर पुस्तक लिहिले. त्यांनी गोऱ्या आणि काळ्या नाइटांचे कागद एकाच टेबलावर मांडले. त्यापूर्वी दोन्हीकडची मंडळी आपापल्या वंशावळी वेगळ्याच ठेवीत आली होती. न्यूटन मात्र १९२२ साली वारला तेव्हा जॅस्पर काउंटीतल्या घराण्याच्या दफनभूमीत, रेचलच्या सोबतीने पुरला गेला. गोऱ्यांना आणि काळ्यांना एका जागी पुरू नये असा नियम तिथे होता. त्याच्या घरच्यांनी तो पाळला नाही.