‘बेस्ट’ची बस तोट्यात का जाते? भाडे, वीजबिल आणि थांब्यावरच्या वेळेचा हिशेब

९ मे २०२५ पासून मुंबईत ‘बेस्ट’च्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. वातानुकूलित बसचे किमान भाडे ६ रुपयांवरून १२ रुपयांवर गेले. पहिल्या पाच किलोमीटरसाठीचे भाडे एका दिवसात दुप्पट झाले, आणि थांब्यावर, लोकलच्या डब्यात, रिक्षाच्या रांगेत जुनाच वाद पुन्हा सुरू झाला. काहींच्या मते तोटा होतो म्हणजे भाडे वाढायलाच हवे. काहींच्या मते कारभार नीट नाही, म्हणून तोटा होतो. मेट्रो आल्यावर बस हवीच कशाला, असेही अनेक जण विचारतात.

या मतांत थोडेथोडे तथ्य आहे. पण बसच्या पैशांचे गणित किराणा दुकानासारखे चालत नाही. ते कसे चालते आणि मुंबईत कुठे बिघडले, हे या लेखात पाहू.

वीज आणि बस एकाच घरात कशी आली?

मुंबईत ट्राम धावू लागली ती ९ मे १८७४ रोजी, आणि ती घोडे ओढत असत. १९०५ मध्ये वीजपुरवठा आणि ट्राम ही दोन्ही कामे एका कंपनीकडे आली. १९०७ मध्ये विजेवरची ट्राम सुरू झाली. ट्रामला वीज लागते, त्यामुळे दोन्ही धंदे एकत्र असणे तेव्हा स्वाभाविक होते. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस धावली.

ऑगस्ट १९४७ मध्ये मुंबई महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली आणि ‘बेस्ट’ हा महापालिकेचा उपक्रम झाला. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. ट्राम गेली तरी वीज आणि बस एकाच घरात राहिली. ‘बेस्ट’ची वीज दक्षिणेला कुलाब्यापासून उत्तरेला माहीम आणि शीवपर्यंत जाते. बस मात्र उपनगरांतही धावते, आणि मुंबईच्या हद्दीबाहेरही काही मार्ग आहेत.

विजेच्या बिलावर बस कशी चालायची?

अनेक वर्षे वीज विभागातून मिळणाऱ्या पैशातून बस विभागाची तूट भरून निघत असे. त्यामुळे तोटा असूनही तो प्रवाशाला जाणवत नसे. २००३ च्या वीज कायद्यानंतर वीजदर ठरवण्यावर राज्य वीज नियामक आयोगाची नजर आली. एका धंद्याचा खर्च दुसऱ्या धंद्याच्या ग्राहकाने का सोसायचा, हा प्रश्न त्यानंतर उघडपणे विचारला जाऊ लागला. दादरच्या वीजग्राहकाने बोरिवलीच्या बसचा खर्च का द्यायचा, असे त्याचे साधे रूप होते.

वीज वितरण करणाऱ्या जुन्या स्थानिक संस्थांना कायद्यात काही सूट होती. त्या आधारे बसच्या तुटीची वसुली काही काळ वीजबिलातून होत राहिली. पुढे ती बंद झाली. वीजग्राहकाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्यच होते. पण त्या वसुलीच्या जागी दुसरा कायमचा स्रोत कोणी ठरवला नाही. ‘बेस्ट’च्या आजच्या आर्थिक अडचणीचे हे एक मोठे कारण आहे. तूट आधीही होती, पण ती कोण भरणार हे ठरलेले होते. ती व्यवस्था गेली आणि तिची जागा रिकामीच राहिली.

‘नीट चालवली तर बस तोट्यात जाणार नाही’

कारभार सुधारला तर तूट कमी होऊ शकते, पण मोठ्या शहरातली बस केवळ तिकिटावर पूर्ण खर्च क्वचितच भागवते. याची कारणे सेवेच्या स्वरूपातच आहेत.

पहिले कारण म्हणजे गर्दीची वेळ. सकाळी आणि संध्याकाळी काही तास बस खचाखच भरते. त्या गर्दीला पुरेल इतक्या गाड्या, चालक आणि वाहक ठेवावे लागतात. दुपारी त्याच गाड्या अर्ध्या रिकाम्या असतात, पण खर्च चालूच असतो.

दुसरे कारण दिशेचे आहे. सकाळी सगळी गर्दी वस्तीतून स्टेशनकडे असते. स्टेशनहून परतणारी बस जवळपास रिकामी असते, पण ती परतली नाही तर पुढची फेरी होत नाही.

तिसरे कारण म्हणजे काही मार्ग नफ्यासाठी नसतातच. टेकडीवरची वस्ती, सरकारी रुग्णालय, शहराच्या टोकाची वसाहत किंवा पहाटेची पाळी यांच्यासाठी बस लागते, कारण तिथल्या लोकांना रोजची रिक्षा परवडत नाही. खासगी गाडीवाला असा मार्ग सहसा घेत नाही.

गाड्या वाढवूनही बस उशिरा का येते?

दहा किलोमीटरचा एक मार्ग धरा. जाऊन-येऊन वीस किलोमीटर होतात. बसचा सरासरी वेग ताशी १२ किलोमीटर असेल तर एका फेरीला १०० मिनिटे लागतात. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर दहा गाड्या पुरतात. आता रस्त्यावर गाड्या वाढल्या, दोन्ही बाजूंना पार्किंग झाले, खोदकाम सुरू झाले आणि वेग ताशी ८ किलोमीटरवर आला. तीच फेरी १५० मिनिटांची झाली. दर दहा मिनिटांनी बस देण्यासाठी आता पंधरा गाड्या लागतील, आणि त्यांच्यासाठी चालकही दीडपट लागतील.

म्हणजे प्रवासी तेवढेच, तिकीट तेवढेच आणि खर्च मात्र दीडपट. यात ‘बेस्ट’च्या कारभाराचा काही दोष नाही, कारण रस्ता तिच्या हातात नाही. तूट कमी करण्याचा एक स्वस्त उपाय म्हणूनच भाड्यात नसून रस्त्यात आहे. बससाठी राखीव मार्गिका, थांब्यासमोर पार्किंगबंदी आणि सिग्नलवर बसला आधी सोडणे, असे हे उपाय आहेत. पुण्यात २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रयोग झाला, तो देशातल्या पहिल्या प्रयोगांपैकी होता. त्याचा अनुभव असा की मार्गिका रंगवणे सोपे असते, पण इतर गाड्या तिच्याबाहेर ठेवणे अवघड असते.

थांब्यावरचा वेळ हाही खर्चच

प्रवाशाच्या दृष्टीने बसची किंमत तिकिटापुरती नसते. वाट पाहण्यात गेलेला वेळही तो मोजत असतो. बस दर आठ मिनिटांनी येत असेल तर सरासरी चार मिनिटे थांबावे लागते. ती वीस मिनिटांनी येत असेल तर दहा मिनिटे. दोन बस एकामागोमाग आल्या आणि मग बराच वेळ एकही आली नाही, तर त्याहून जास्त.

हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये हा मुद्दा नेमका मांडला. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात. फेऱ्या वाढल्या की नव्या प्रवाशासोबत जुन्या प्रवाशाचाही वाट पाहण्याचा वेळ कमी होतो. बससेवेला सार्वजनिक पैसा देण्यामागे हा एक भक्कम आर्थिक युक्तिवाद आहे.

हेच चक्र उलटेही फिरते. फेऱ्या कमी झाल्या की वाट पाहण्याचा वेळ वाढतो. ज्यांना परवडते ते दुचाकी घेतात किंवा शेअर रिक्षात बसतात. प्रवासी घटले की उत्पन्न घटते, उत्पन्न घटले की आणखी फेऱ्या कमी होतात. त्या दुचाकी आणि रिक्षा रस्त्यावर आल्या की उरलेली बस आणखी हळू चालते. शेवटी थांब्यावर ज्यांच्याकडे दुसरा पर्यायच नाही असे लोक उरतात: घरकाम करणाऱ्या बायका, शाळकरी मुले, वृद्ध, रात्रपाळीचे कामगार.

५ रुपयांचा प्रयोग काय सांगतो?

९ जुलै २०१९ रोजी ‘बेस्ट’ने किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपये केले. साध्या बसचे भाडे टप्प्याटप्प्याने ५, १०, १५ आणि २० रुपये असे सुटसुटीत झाले. प्रवासी वाढले. स्वस्त भाडे लोकांना बसकडे आणते, हे त्यातून दिसले.

पण स्वस्त भाड्याला पुरेशा फेऱ्यांची जोड लागते. मुंबईत ती मिळाली नाही. एकेकाळी ‘बेस्ट’च्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बस होत्या. जून २०१९ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वतःच्या ३,३३७ बस राखण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्या आणि स्वमालकीचा ताफा काही शेंवर आला. गर्दी वाढली आणि गाड्या घटल्या. पाच रुपयांच्या तिकिटासाठी अर्धा तास थांबावे लागले तर ते तिकीट खरोखर स्वस्त राहत नाही.

२०२५ च्या वाढीनंतरही बस हे स्वस्त साधनच आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईतल्या रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले होते. पण दोन बस बदलून कामावर जाणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. जवळच्या दोन टप्प्यांसाठी जाऊन-येऊन त्याला आधी २० रुपये लागत, आता ४० लागतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०० रुपयांचे १,००० झाले. पास घेतला तर हा बोजा थोडा हलका होतो, पण ज्याचे काम रोजंदारीवर आहे त्याला पासाचे पैसे एकरकमी काढणे जड जाते.

‘कंत्राट दिले की खर्च कमी होतो’

स्वतःच्या गाड्या घटत असताना ‘बेस्ट’ने भाडेतत्त्वावर, म्हणजे ‘वेट लीज’वर, बस घेतल्या. या पद्धतीत गाडी कंत्राटदाराची असते, चालक आणि देखभालही त्याचीच. ‘बेस्ट’ त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देते आणि तिकिटाचे पैसे स्वतः घेते. नव्या गाड्यांसाठी एकदम मोठी रक्कम काढावी लागत नाही आणि विजेवरच्या गाड्या लवकर रस्त्यावर येतात, हा याचा फायदा.

अडचणीही पुढे आल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी संप केला, तेव्हा शेकडो बस आगारातच उभ्या राहिल्या. दर परवडत नाही म्हणून काही कंत्राटदार मुदतीआधीच बाहेर पडले आणि त्यांच्या गाड्या अचानक गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या बसचा भीषण अपघात झाला. त्यानंतर कंत्राटी चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. खर्च कमी दिसतो तो बऱ्याचदा चालकाच्या पगारातून आणि प्रशिक्षणातून वाचवलेला असतो. करारात दर, वेतन आणि दंड यांचा मेळ बसला नाही तर त्याची किंमत प्रवाशाला चुकवावी लागते.

‘जो प्रवास करतो त्यानेच पैसे द्यावेत’

हा नियम सगळ्यांना लावला तर तो न्याय्य ठरेल. पण तो सगळ्यांना लागत नाही. मुंबई महापालिकेने स्वतःच्या पैशातून बांधलेल्या सागरी किनारा रस्त्यावर टोल नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल माफ केला. या निर्णयांची कारणे काहीही असोत, मोटारीच्या वाटेवरच्या अशा खर्चाला कोणी ‘तोटा’ म्हणत नाही. पदपथ, दिवे आणि उड्डाणपूल यांनाही म्हणत नाही. बसचा खर्च मात्र स्वतंत्र खात्यात मांडला जातो, म्हणून तो तोटा दिसतो.

२०२५-२६ साठी महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून मोठा होता. त्यात ‘बेस्ट’साठी १,००० कोटी रुपयांचे अनुदान ठेवले होते, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. ते पुरेसे की अपुरे यावर वाद होऊ शकतो. पण दरवर्षी किती मिळेल हे आधी ठरलेले नसेल तर नव्या गाड्यांचे नियोजन होऊ शकत नाही. जानेवारी २०१९ च्या नऊ दिवसांच्या संपातली एक मुख्य मागणी नेमकी हीच होती: ‘बेस्ट’चा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा. पुण्यात ‘पीएमपीएमएल’ची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात. तिथेही गाड्यांची टंचाई आहे आणि जून २०२५ मध्ये तिथेही भाडेवाढ झाली. पण तूट कोणाची, हे निदान ठरलेले आहे.

मेट्रो आल्यावर बस कशाला?

८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली. मेट्रो वेगवान आहे, पण ती ठरलेल्या रेषेवरच धावते. घरापासून स्टेशनापर्यंत आणि स्टेशनापासून कामाच्या ठिकाणापर्यंत जायला काहीतरी लागतेच. ते साधन रिक्षा असेल तर मेट्रोचा प्रवास महाग होतो, आणि स्वतःची दुचाकी असेल तर स्टेशनाबाहेर ती ठेवायला जागा नसते. त्यामुळे मेट्रोचे जाळे वाढते तशी तिला जोडणाऱ्या बसची गरजही वाढते.

थोडक्यात

बसवरच्या चर्चेत ‘तोटा किती’ हा प्रश्न पहिला येतो. त्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत. थांब्यावर सरासरी किती वेळ थांबावे लागते? बस रस्त्यावर किती वेगाने धावते? आणि तिकिटाबाहेरचा खर्च कोण, किती वर्षांसाठी देणार? पहिल्याचे उत्तर गाड्यांच्या संख्येत आहे, दुसऱ्याचे वाहतूक पोलीस आणि रस्ते विभागाकडे, तिसऱ्याचे महापालिका आणि राज्य सरकारकडे. भाडे वाढवल्याने उत्पन्न थोडे वाढेल. पण या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर दहा रुपयांचा प्रवासीही थांब्यावर तेवढाच वेळ उभा राहील.