कॉफीच्या कपातला खंड

आमच्या वणीत कॉफी म्हणजे पाहुणा फारच शहरी निघाला तर करायची गोष्ट. बाकी सगळा कारभार चहाचा. तरीही परवा नागपुरात एका चकाचक कॉफीच्या दुकानात भाच्याने दोन कपांचे साडेपाचशे रुपये मोजले, तेव्हा मला आठवलं ते बसस्टँडजवळचं काकाजींचं कॅन्टीन. (घरच्या मंडळींना ही गोष्ट पाठ आहे. त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल!)

एक भट्टी, चार बाकडी, चहा आणि आलूबोंडा. वणी तालुक्यात राजूरची जुनी कोळसा खाण होतीच. १९७३ साली खाणी सरकारी झाल्या, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स आली आणि पुढे नीलजई, उकणी अशा उघड्या खाणी वाढत गेल्या. गावात पगारदार माणूस आला, ट्रकवाले आले. काकाजींचा खप तिपटीवर गेला. पण दर अकरा महिन्यांनी जागेचे मालक यायचे, फुकटचा चहा प्यायचे आणि भाडं वाढवून जायचे. "गिऱ्हाईक वाढलं ना जी, मंग भाडं नाही वाढन का?" दहा वर्षांनी काकाजींनी वही काढून हिशेब मांडला, तर हातात पूर्वीइतकेच पैसे उरत होते. पाय तेवढे जास्त दुखत होते. काकू म्हणायची, "तुमी धंदा नाही करत जी, मालकाची चाकरी करता."

पुढे कॉलेजात अर्थशास्त्राच्या पुस्तकात रिकार्डोचा 'खंडाचा सिद्धान्त' आला, तेव्हा मला तो आधीच येत होता! डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली इंग्लंडातल्या शेतजमिनीबद्दल हे मांडलं. सुपीक जमीन थोडी, कसणारे पुष्कळ. मग चांगल्या जमिनीतून जे जास्तीचं पिकतं ते कुळाकडे राहत नाही, चढाओढीने खंड वाढतो आणि सगळं जमीनदाराकडे जातं. धान्य महाग म्हणून खंड जास्त, उलटं नव्हे. टिम हारफर्ड या लेखकाने २००५ सालच्या आपल्या पुस्तकाची सुरुवातच स्टेशनातल्या कॉफीच्या दुकानाला रिकार्डो लावून केली आहे. वाचताना मला सारखा आमचा बसस्टँड दिसत होता.

आता कॉफीकडे येतो. आपल्याकडची पहिली मोठी साखळी कुठल्या कंपनीने नव्हे, मळेवाल्यांच्या माल खपवण्याच्या धडपडीने उभी केली. मंदीच्या काळात दक्षिणेतली कॉफी पडून होती. कॉफी सेस कमिटीने १९३६ साली मुंबईत चर्चगेटला 'इंडिया कॉफी हाऊस' काढलं. लोकांना सवय लागावी, बिया खपाव्यात, हा हेतू. दुकान म्हणजे एक मोठी जाहिरातच. १९४०च्या दशकात अशी पन्नासेक कॉफी हाऊसं झाली. पन्नाशीच्या मध्यावर कॉफी बोर्डाने ती बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सहकारी संस्था काढायला लावल्या. १९५७ मध्ये बंगळूर आणि दिल्लीपासून सुरुवात झाली, १९५८ संपेपर्यंत नागपूर, जबलपूर, पुणे, मुंबई, कोलकाता इथवर जाळं पसरलं.

धंद्यात सगळ्यांची देणी भागवल्यावर जे उरतं त्याचा धनी कोण, हा प्रश्न अर्थशास्त्रात फार महत्त्वाचा. इथे उत्तर होतं, तुरेवाली पगडी घालून कप आणून ठेवणारा माणूस. मला या प्रयोगाचं मनापासून कौतुक आहे. पण जागा त्यांच्याही मालकीच्या नव्हत्या. स्वस्त कॉफी परवडत होती, त्यात जुन्या भाड्याचा मोठा हात होता. बंगळुरात महात्मा गांधी रस्त्यावरचं कॉफी हाऊस २००९ साली जागा सोडून चर्च स्ट्रीटला गेलं, तेव्हा नवा कॉफीवाला सहकारी संस्थेपेक्षा चांगली कॉफी करत होता म्हणून नव्हे. घरमालकाशी वाद होता!

तिथून हाकेच्या अंतरावर ब्रिगेड रोडवर १९९६ साली व्ही. जी. सिद्धार्थ यांनी कॅफे कॉफी डे सुरू केलं. त्याच सुमारास मळेवाल्यांनी सगळी कॉफी बोर्डाकडेच द्यायची सक्ती संपली होती. सिद्धार्थ यांचे स्वतःचे मळे, स्वतःची निर्यात कंपनी, स्वतःची दुकानं. बीपासून कपापर्यंत सगळं आपल्या हातात. व्यवस्थापनाच्या वर्गात याला फार टाळ्या पडतात. मला मात्र गंमत वाटते ती अशी, की किलोभर बियांत शंभरावर कप होतात. म्हणजे कपाच्या किमतीत बियांचा वाटा अगदी थोडा. जो खर्च लहान तो त्यांच्या ताब्यात, आणि जो मोठा, म्हणजे मोक्याची जागा, तो दुसऱ्याच्या. त्यात आपली तरुण मंडळी एका कपावर तीन तास बसणार. विकत होते ते कॉफी नव्हे, खुर्ची.

दुकानं सतराशेच्या घरात गेली. २०१५ साली ३२८ रुपयांना शेअर बाजारात आला. कर्जही वाढत गेलं (सगळं दुकानांपायी नव्हे, समूहाचे इतर उद्योगही होते). जुलै २०१९ मध्ये सिद्धार्थ यांचा मृतदेह मंगळूरजवळ नेत्रावती नदीत सापडला. मागे राहिलेल्या पत्रात कर्ज देणाऱ्यांच्या तगाद्याचा उल्लेख होता. ती बातमी वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नव्हतं.

नंतर त्यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनी कारभार घेतला, कर्ज बरंच उतरवलं. दुकानं पाचशेच्या आत आली. पण ऑफिसांमधली कॉफीची यंत्रं पन्नास हजारांच्या आसपास राहिली. यंत्र उभं असतं दुसऱ्याच्या जागेत, आणि त्या जागेचं भाडं त्याला पडत नाही.

काकाजींनी हेच केलं होतं, रिकार्डो न वाचता. एका दिवाळीनंतर त्यांनी बसस्टँडची जागा सोडली, मागच्या गल्लीत एक खोली घेतली आणि दोन पोरं किटल्या घेऊन अडत दुकानांत, कोर्टात, तहसिलीत फिरू लागली. बाकडी विकून टाकली. जुन्या मालकांनी त्या कोपऱ्यावर स्वतःचं दुकान टाकलं, तिथेही रोज सहा कप जायचे. रोख.